धनी गेला, शपथ उरली

आमच्या शाळेतल्या नकाशांच्या कपाटात युरोपचा एक जुना, कापडावर चिकटवलेला नकाशा आहे. १९१४ पूर्वीचा. तो शाळेला कुणी दिला याची नोंद कुठे सापडत नाही. एका कोपऱ्यात उंदरांनी आइसलंड खाल्ले आहे. बाकी खंड शाबूत आहे. पहिल्या महायुद्धाचा धडा आला की मी तो फळ्यावर टांगतो. मधोमध पिवळ्या रंगाचा एक ऐसपैस प्रदेश पसरलेला दिसतो, आणि त्यावर ‘ऑस्ट्रिया-हंगेरी’ अशी अक्षरे डोंगरांवरून नद्यांवरून लांब लांब ताणलेली असतात.

यंदा एका मुलाने विचारले, “सर, हा देश आता कुठे आहे?”

“मोडला. १९१८ साली.”

“मग त्याचं सैन्य?”

“गेले सगळे आपापल्या घरी.”

“पण सर, घरच मोडलं ना? मग कोणत्या घरी?”

तेवढ्यात घंटा झाली. आमच्या धंद्यात घंटेचे उपकार फार असतात. पण घंटेने तास संपतो, प्रश्न संपत नाही. तो प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन आलो, आणि अजून तो माझ्या घरीच आहे.

सामान्य शिपायाचे उत्तर त्यातल्या त्यात सोपे होते. त्याचे गाव होते, जमिनीचा तुकडा होता, आई होती. बंदूक टाकून तो आगगाडीच्या टपावर बसला आणि गावी गेला. गाव ज्या देशात पडले, त्या देशाचा तो झाला. खरा पेच पडला तो अधिकाऱ्यांपुढे. त्यांचे गाव म्हणजे पलटण, आणि तीच नाहीशी झाली होती.

ही फौज होती तरी कशी? तिच्यात जर्मन होते, मग्यार होते, चेक, स्लोवाक, पोल, युक्रेनी, क्रोएट, सर्ब, स्लोवेन, रुमानियन आणि इटालियनही होते. हुकूम जर्मनमध्ये, पण हे हुकूमाचे शब्द सुमारे ऐंशीच. ‘सावधान’, ‘चला’, ‘झाडा’ एवढे समजले की शिपायाचे जर्मन पुरे झाले. बाकी सगळा व्यवहार पलटणीच्या भाषेत. पलटणीत जी भाषा बोलणारे पुरेसे असतील ती पलटणीची भाषा, आणि नव्या अधिकाऱ्याने ती तीन वर्षांत शिकलीच पाहिजे असा दंडक होता. एकाच पलटणीच्या दोन दोन, तीन तीन भाषा असत. साहेबाने शिपायाची भाषा शिकावी, हा नियम आपल्याकडच्या साहेबांनाही काही अंशी लागू होता; पण तेथे साहेब दुसऱ्या खंडातून आलेला नव्हता, एवढा फरक.

हे अधिकारी आपसांत एकमेकांना अरे-तुरे करीत, मग एक उमरावाचा मुलगा असो आणि दुसरा कारकुनाचा. आज बोस्नियात, उद्या गॅलिशियात, परवा टिरोलच्या पहाडात अशा बदल्या होत. बाप एका प्रांतात जन्मलेला, आई दुसऱ्या, थोरला मुलगा तिसऱ्या, धाकटा चौथ्या. अशा माणसाला ‘तू कोण?’ असे विचारले, तर तो आपल्या पलटणीचा क्रमांक सांगे. त्याने शपथ घेतली होती ती देशाच्या नावाने नव्हे, देवाला साक्ष ठेवून सम्राटाच्या नावाने. आणि हा सम्राट फ्रान्झ योझेफ १८४८ ते १९१६ अशी अडुसष्ट वर्षे गादीवर होता. आजोबांनी ज्याच्या नावाने शपथ घेतली, त्याच्याच नावाने नातूही घेई. माणूस इतका काळ टिकला की लोकांना तो माणूस वाटेनासा होतो. हवापाण्यासारखा वाटू लागतो.

या सगळ्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या फौजेत प्रेम होते तसा जाचही होता. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच याच फौजेने आपल्याच प्रजेतल्या कितीतरी युक्रेनी आणि सर्ब खेडुतांना नुसत्या संशयावरून फासावर चढवले. ‘आम्ही सर्व भाषांचे’ असे अधिकारी म्हणत, पण भोजनगृहातली भाषा जर्मन होती. ज्याला सगळी घरे आपली वाटतात त्याने जरा पाहावे, घरातल्यांनाही तसे वाटते का. चेक शिपाई हजारोंनी रशियाच्या हाती लागले आणि त्यांतल्या कित्येकांनी तिकडे आपली वेगळी सेना उभारली, ते काही उगीच नव्हे.

असो. ऑक्टोबर १९१८ मध्ये हे सारे पंधरवड्यात कोसळले. तरुण सम्राट कार्ल याने १६ तारखेला जाहीरनामा काढून राज्याचे संघराज्य करू पाहिले. फार उशीर झाला होता. २८ तारखेला प्राग वेगळे झाले, २९ ला झाग्रेब, ३१ ला बुडापेस्टमध्ये क्रांती. अधिकाऱ्यांना आपापल्या राष्ट्रीय सेनेत जाण्याची मुभा खुद्द सम्राटानेच दिली. ३ नोव्हेंबरला इटलीशी तहनाम्यावर सह्या झाल्या. शस्त्रे केव्हा खाली ठेवायची यात चोवीस तासांचा घोळ झाला, आणि तीन लाखांहून अधिक सैनिक त्या घोळात कैद झाले. ११ तारखेला कार्लने राज्यकारभारातून अंग काढून घेतले. गादी मात्र त्याने सोडली नाही. म्हणजे पाहा, धनी गेलाही आणि गेला नाहीही! शपथ मोडली म्हणावी, तर कुणी मोडली? आणि उरली म्हणावी, तर कुणापाशी?

फ्रान्झ थेओडोर चोकोर या ऑस्ट्रियन नाटककाराचे ‘३ नोव्हेंबर १९१८’ या नावाचेच एक नाटक आहे, १९३६ चे. पहाडातल्या इस्पितळात निरनिराळ्या जातींचे अधिकारी अडकलेले आहेत. साम्राज्य मोडल्याची बातमी येते, आणि त्यांचा कर्नल, जो या सर्वांना एक समजत होता, स्वतःवर गोळी झाडून घेतो. त्याच्या खड्ड्यात माती टाकताना एकेक जण आपापल्या नव्या देशाचे नाव घेतो. शेवटी ज्यू डॉक्टर येतो. त्याला कुठला देश? तो चाचरतो, आणि ऑस्ट्रियाची माती म्हणून मूठ रिकामी करतो. जो देश मेला त्याचे नाव घेणारा तेवढा एकच निघतो, कारण दुसऱ्या कुणी त्याला आपल्यात बोलावलेले नसते. ही नुसती नाटककाराची कल्पना नव्हे. १९१९ च्या सँ-जर्मेंच्या तहात नागरिकत्व निवडण्याचा हक्क दिला गेला, पण ज्या देशातल्या बहुसंख्यांशी तुमची भाषा आणि वंश जुळेल तोच निवडायचा. पुढे १९२१ मध्ये, भाषा जर्मन असली तरी वंश जुळत नाही, असे म्हणून गॅलिशियातून आलेल्या कित्येक ज्यूंना ऑस्ट्रियाने परत फिरवले. मूठभर मातीसुद्धा परवान्याशिवाय मिळेना.

हे वाचताना मला राहून राहून कर्ण आठवतो. युद्धाच्या तोंडावर कृष्ण त्याला एकीकडे नेऊन सांगतो की तू राधेय नव्हेस, कौंतेय आहेस. तुझी खरी माणसे पलीकडे उभी आहेत. १९१८ च्या हेमंतात प्रत्येक अधिकाऱ्याकडे असाच एकेक कृष्ण आला. ‘तू मुळात चेक आहेस’, ‘तू मुळात पोल आहेस’. माणसाचे जन्मरहस्य त्याला इतक्या उशिरा कळावे, आणि लगेच, सूर्यास्ताच्या आत, त्याने बाजू ठरवावी! कर्णाने रक्त ऐकून घेतले आणि मैत्री राखली. आपण त्याला दोष देतो आणि त्याच्यासाठी रडतोही. दोन्ही एकाच वेळी करतो, यातच या प्रश्नाची अवघड जागा आहे.

त्या अधिकाऱ्यांत सर्व तऱ्हा झाल्या. युयुत्सू झाले. रणांगणावर, दिवसाढवळ्या, सर्वांदेखत बाजू बदलणारा तो धृतराष्ट्राचा मुलगा. रुडॉल्फ मायस्टर हा स्लोवेन मेजर, कवीही होता. १ नोव्हेंबर १९१८ ला मारिबोर गावात, आपल्याच जर्मन वरिष्ठासमोर उभे राहून, हे गाव आता दक्षिण स्लावांचे असे त्याने सांगितले आणि ताबा घेतला. स्लोवेनियात आज त्याचे पुतळे आहेत.

आणि ज्याला कुंतीनेच घेतले नाही असा कर्णही झाला. फील्डमार्शल स्वेतोझार बोरोएविच हा क्रोएशियाच्या सीमाप्रांतातल्या ऑर्थोडॉक्स घरातला. तो सर्ब की क्रोएट यावर अजून वाद आहे. इसोंझो नदीवर इटलीच्या अकरा चढाया त्याने अडवल्या. साम्राज्य मोडल्यावर तो नव्या युगोस्लाव राज्याकडे वळला. तेथे त्याला दार उघडले नाही. मे १९२० मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावी तो विपन्नावस्थेत वारला. ज्या नदीसाठी तो लढला, तिच्या काठची स्लोवेन वस्ती त्याने इटलीपासून दोन वर्षे राखली होती. तरी तो तिकडच्यांच्या लेखी सम्राटाचा माणूस, आणि व्हिएन्नाच्या लेखी पेन्शनीच्या कागदावरचे एक परके नाव.

एकाच आईची लेकरे दोन राष्ट्रांत वाटली गेली. शेप्टित्स्की घराण्यातला स्तानिस्लाव सम्राटाचा सेनापती होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये तो पोलंडच्या नव्या सेनेचा चीफ ऑफ स्टाफ झाला. त्याच महिन्यात ल्वीव्ह शहरासाठी पोल आणि युक्रेनी लढत होते. दोन्हीकडचे अनेक अधिकारी कालपर्यंत एकाच फौजेतले. आणि त्या ल्वीव्हात युक्रेनींचा सर्वांत मोठा धर्मगुरू होता आंद्रेय शेप्टित्स्की, स्तानिस्लावचा सख्खा थोरला भाऊ! खुद्द राजघराण्यातही तेच. हाब्सबुर्ग कुळातला कार्ल आल्ब्रेख्त पोलंडचा अधिकारी झाला. त्याचा भाऊ व्हिल्हेल्म युक्रेनी नाव घेऊन युक्रेनी झाला. पहिल्याला पुढे हिटलरच्या पोलिसांनी पकडले. ‘मी जर्मन’ असे म्हणायला तो तयार होईना म्हणून त्याचा छळ केला. दुसरा १९४८ मध्ये कीव्हच्या सोव्हिएत तुरुंगात मेला. रक्तानेच राष्ट्र ठरते असे जे म्हणतात, त्यांनी या दोन भावांचे रक्त तपासून कोणते कुणाचे ते सांगावे.

आणि काहींचा देश नव्हे, समुद्रच गेला. ‘साउंड ऑफ म्युझिक’ या चित्रपटातला कॅप्टन फॉन ट्राप आपण पाहिलेला असतो. मुलांना शिट्टीवर नाचवणारा. तो खरोखरीचा माणूस. पाणबुड्यांचा नामांकित कप्तान. नव्या ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच उरला नाही. त्याचे जन्मगाव झादर इटलीकडे गेले, म्हणून हा इटलीचा नागरिक ठरला. ज्या इटलीशी तो चार वर्षांपूर्वी लढत होता, त्याच इटलीचा!

आता, या सर्वांत निष्ठावान कोण आणि फितूर कोण?

एक पक्ष म्हणेल, शपथ ती शपथ. त्या पक्षाचा माणूस म्हणजे कर्नल आंतोन लेहार. ‘मेरी विडो’चा संगीतकार फ्रान्झ लेहार याचा भाऊ. १९२१ मध्ये कार्ल राजा आपली हंगेरीची गादी मागायला दोनदा परत आला, तेव्हा लेहार त्याच्या बाजूने उभा राहिला. आणि राजाला अडवले कुणी? हंगेरीचा राजप्रतिनिधी मिक्लोश होर्टी याने. हा होर्टी पूर्वी फ्रान्झ योझेफचा परिसहायक (एडीसी) होता, साम्राज्याच्या आरमाराचा शेवटचा सेनापती होता. राज्य म्हणायला राजाचे. राजा दारात आला तर त्याच्या माणसांवर बुडापेस्टच्या वेशीवर गोळ्या. कार्ल पुढल्या वर्षी मदीरा बेटावर वारला. होर्टीची बाजू अशी की राजाला घेतले असते तर शेजारी राष्ट्रे चालून आली असती आणि उरलासुरला देशही गेला असता. ती खोटी नव्हती. पण त्या खरेपणातच त्याची स्वतःची खुर्चीही १९४४ पर्यंत शाबूत राहिली. सोय आणि कर्तव्य एकाच वाटेने चालू लागली की माणसाने थोडे थांबून मागे वळून पाहावे.

दुसरा पक्ष म्हणेल, शपथ म्हणजे साखळी. ती तुटली की मनुष्य मोकळा. हेही मला पुरते पटत नाही. कारण मोकळा झालेला माणूस कुठे जातो हे पाहावे लागते. अलेक्झांडर लॉर हा त्याच जुन्या फौजेतला अधिकारी. आई ओडेसाची, धर्म ऑर्थोडॉक्स. जिथे कुणी कुणाची जात विचारीत नसे, त्या शाळेतला हा विद्यार्थी. तो ऑस्ट्रियाच्या विमानदलाचा प्रमुख झाला, मग जर्मनीच्या विमानदलात सेनापती. आणि ६ एप्रिल १९४१ ला ज्या विमानांनी बेलग्रेड शहर भाजून काढले ती त्याच्या हुकमतीखालची होती. त्याबद्दल १९४७ मध्ये बेलग्रेडमध्येच त्याला मृत्युदंड झाला. त्याने शपथ मोडली नव्हती. एकामागून एक नव्या धन्यांच्या शपथा तो इमानाने पाळत गेला. तात्पर्य, नुसते इमान हा गुण नव्हे. तो भांड्यासारखा आहे. आत काय ओतले त्यावर त्याची किंमत.

मग कसोटी कोणती? मला एक प्रसंग आठवतो, आणि मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच येतो.

साम्राज्याच्या आरमारातली एक मोठी युद्धनौका होती, ‘विरिबुस उनितिस’. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘एकवटलेल्या बळाने’. ते फ्रान्झ योझेफचे ब्रीद होते. ३१ ऑक्टोबर १९१८ ला पोला बंदरात होर्टीने सम्राटाच्या आज्ञेवरून हे आरमार दक्षिण स्लावांच्या मंडळाच्या हवाली केले. जुना झेंडा उतरला, नवा चढला. यांको वुकोविच हा क्रोएट कप्तान नव्या आरमाराचा मुख्य झाला. त्या रात्री रोसेत्ती आणि पाओलुच्ची हे दोन इटालियन अधिकारी पोहत बंदरात शिरले. हे जहाज आता शत्रूचे राहिलेले नाही, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पहाटे त्यांनी जहाजाच्या बुडाला सुरुंग लावला, आणि ते पकडले गेले. वर आल्यावर त्यांना कळले की कालपासून हा देशच दुसरा आहे. त्यांनी वुकोविचला सांगितले, जहाज लवकरच उडेल, माणसे उतरवा. वुकोविचने तसा हुकूम दिला. कैद्यांनी जीव वाचवण्याची परवानगी मागितली. तीही त्याने दिली. १ नोव्हेंबरच्या सकाळी स्फोट झाला. शेकडो खलाशांबरोबर वुकोविचही गेला. एका दिवसाचा सेनापती, एका दिवसाच्या देशाचा. पुढे रोसेत्तीला या कामगिरीबद्दल मोठे बक्षीस मिळाले, तेव्हा त्यातला वाटा त्याने वुकोविचच्या विधवेला दिला.

त्या पहाटे कोणाचे राष्ट्र कोणते होते, हे कुणालाच धड सांगता आले नसते. झेंडे, शपथा, वर्दीवरची चिन्हे, सगळे अधांतरी होते. तरीही समोरच्या माणसाशी कसे वागायचे हे दोघांनाही ठाऊक होते. मला वाटते, कसोटी हीच. मनुष्य बाजू बदलतो की नाही याने काही ठरत नाही. इतिहास त्याला बदलायला लावतोच. बदलल्यावर तो कालच्या सोबत्याचे काय करतो, हे पाहावे. आजची निष्ठा सिद्ध करण्यासाठी ज्याला कालची माणसे तुडवावी लागतात, तो दोन्ही ठिकाणी उपराच राहतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. १९४७ मध्ये ब्रिटिशांची हिंदी फौज दोन तुकड्यांत वाटली गेली. एका बराकीत वाढलेले अधिकारी दिल्लीत गळाभेटी घेऊन निरोप घेते झाले, आणि काही महिन्यांत काश्मीरच्या डोंगरात समोरासमोर आले. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांना पलीकडे जाता आले असते. ते इकडे राहिले आणि जुलै १९४८ मध्ये झांगरच्या रणात कामी आले. त्यांनाही कुणी ना कुणी ‘तू मुळात कोण?’ असे विचारलेच असेल. त्यांनी उत्तर दिले ते वागण्यातून.

आमच्या घरी याची एक अगदी लहान, अगदी सौम्य आवृत्ती घडली. माझे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये होते. शपथ छत्रपतींची. मार्च १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. आजोबांचे सोपे होते. भाषा तीच, भाकरी तीच, आणि शिव्या देणारा सुभेदारही तोच. तरी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शेवटपर्यंत दोन बिल्ले होते, एकाच रुमालात बांधलेले. लहानपणी मी विचारले होते, “आजोबा, यातला खरा कुठला?” त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि म्हणाले, “पोरा, दोन्ही मीच घातले होते.”

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले होते. आता वाटते, बोरोएविचला हे म्हणण्याची संधी कुणी दिली नाही. त्याला एकच बिल्ला ठेवता येत होता, आणि जो ठेवावा तो चुकीचा ठरत होता. माणसाला आपला काल नाकारायला न लावता आपला आज मागता येणे, एवढे जरी एखाद्या नव्या राष्ट्राला साधले तरी ते मोठे राष्ट्र म्हणावे.

दिवाळीची सुट्टी संपली की तो वर्ग पुन्हा भरेल. त्या मुलाचे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे. नकाशा टांगीन, आणि सांगेन की ते सगळे घरी गेले, हे मी तुला चुकीचे सांगितले. काहींनी घर बांधले, काहींनी दुसऱ्याचे जाळले, काहींना कुणी दारात घेतले नाही. आणि एकाने, घर बुडत असताना, पकडलेल्या शत्रूलाही पोहून जाऊ दिले.

घंटा व्हायच्या आत एवढे सांगून झाले म्हणजे पुरे.